हार पूर्ण काढला का?

"बंब विझवा! आधी तो बंब विझवा!"

श्रोत्री सर गॅरेजांसमोरच्या पिट लेनमधून चक्क पळत येत होते. तीन वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं होतं, पण त्यांना पळताना त्या सकाळी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांच्या मागे ट्रॅकचा मार्शल, हातात लाल फायर एक्स्टिंग्विशर घेऊन, "नो फायर, नो फायर" ओरडत. आणि आमच्या गॅरेजच्या दारात, कोइमतूरच्या कोवळ्या उन्हात, आमचा तांब्याचा बंब मस्त धूर सोडत उभा होता.

"अहो खराडे, इथे चाळीस फुटांवर पेट्रोलची टाकी आहे!" सरांना धाप लागली होती. "आणि ही रेसची गाडी आहे. आंघोळीचं पाणी नाही तापवायचं!"

"सायेब, तुम्हीच म्हणालासा न्हवं," मामा शांतपणे बंबात एक ढलपी सारत म्हणाले, "पाणी सत्तर डिग्री झाल्याबिगर हिला चालू करायचं न्हाई. मग पाणी कशात तापवायचं? तुमची तापवायची ट्रॉली तर तुम्ही ठिवून घेतलासा."

मामा म्हणजे माझे सासरे, यशवंतराव खराडे. कोल्हापूरकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूबाईंना आत्या. मामांचं उद्यमनगरात गॅरेज. आणि त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. असल्या गाडीचं इंजिन थंड असताना इतकं घट्ट बसलेलं असतं, की बटण दाबून ते सुरू होत नाही. आधी त्यातून गरम पाणी फिरवावं लागतं. सरांच्या कंपनीकडे त्यासाठी चकचकीत ट्रॉली होती. आमच्याकडे बंब होता, आणि त्याला बाबालाल मिस्त्रींनी जोडलेला जुन्या जीपचा वॉटर पंप.

"बाबालाल," मामांनी हाक मारली, "सायबांचं ऐकायचं. बंब उचल, कँटीनच्या मागं न्हे. पाणी दुधाच्या क्यानातनं आणू."

"सत्तर डिग्रीचं पाणी शंभर पावलं चालत आणल्यावर किती राहतं, माहीत आहे?" सरांनी विचारलं.

"पोत्यात गुंडाळलं तर पासष्ट," बाबालाल म्हणाले. "म्हणून आम्ही पंच्याहत्तरचं भरणार."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या एका कडेवर नऊ महिन्यांची रेवा, दुसऱ्या हातात लॅपटॉप. मी हसू दाबत होते आणि ते त्यांना दिसत होतं.

"वृषाली," ते हताश होऊन म्हणाले, "आपल्याकडे ही गाडी चालवायला बेचाळीस माणसं होती. तुम्ही किती आहात?"

"आठ, सर."

"हिला धरून?"

"हिला धरून नऊ."

*

त्या गाडीबद्दल थोडं सांगायला हवं. रस्त्यावर अशी गाडी कुणी पाहिलेली नसते. जमिनीला टेकल्यासारखी बसकी, माशाच्या पाठीसारखी, फक्त लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी बनवलेली. आमच्या कंपनीने अशा दोन बनवल्या, तीन हंगाम देशोदेशी पळवल्या आणि मग एका मीटिंगमध्ये ठरवलं, की आता पुरे. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. बातमी मला फोनवर कळली, रेवाला अंघोळ घालताना.

एक गाडी परदेशात गेली. दुसरी पुण्याच्या मुख्य ऑफिसच्या दर्शनी हॉलमध्ये काचेत ठेवायची, असं ठरलं. सर घरी येऊन सांगून गेले. ते माणूस म्हणून फार चांगले. रेवासाठी लाकडी खुळखुळा आणला होता. जाताना म्हणाले, "गाडीबद्दल पाहुण्यांना माहिती द्यायला कुणीतरी जाणकार लागेलच. बसून काम. दहा ते चार. बाळ लहान आहे, तुला बरं पडेल."

मी हो म्हणणारच होते.

नेमके मामा त्या दिवशी नातीला बघायला पुण्याला आले होते. त्यांनी कोपऱ्यात बसून सगळं ऐकलं आणि सर गेल्यावर विचारलं, "ती गाडी चालू हाय न्हवं? काय मोडलंय का?"

"काही नाही मोडलं, मामा. चांगली चालते."

"आणि काचंत ठिवणार?" मामांनी चष्मा काढून पुसला. "म्हंजे जित्या माणसाच्या फोटूला हार घातल्यागत झालं की गं."

त्यांनी गाडी विकत मागितली. कंपनीत आधी सगळे हसले. मग कुणातरी वरच्या साहेबांना गंमत वाटली आणि त्यांनी गाडी द्यायचं कबूल केलं, पण अटीवर. इंजिनाच्या जोडीला असलेली बॅटरी आणि विजेची मोटर कंपनी काढून घेणार, कारण ती हाताळायला कंपनीचीच माणसं लागतात. आणि पहिल्या शर्यतीला श्रोत्री सर हजर राहणार. गाडीने विजेत्याच्या निदान ऐंशी टक्के फेऱ्या पूर्ण करून, स्वतःच्या चाकांवर शेवटची रेघ ओलांडली पाहिजे. आणि ही टीम गाडी सांभाळायला लायक आहे, अशी सरांची सही झाली पाहिजे. दोन्हींपैकी एक जरी चुकलं, तरी गाडी परत पुण्याला. काचेत.

सरांचं मत त्यांनी लपवलं नव्हतं. "खासगी टीमला असली गाडी झेपत नाही," ते म्हणायचे. "पैशाचा प्रश्न नाही. शिस्तीचा आहे."

बॅटरी निघाल्यावर गाडीचा तोल गेला. मामांनी उद्यमनगरातल्या फाउंड्रीतून तेवढ्याच वजनाचा ठोकळा ओतून घेतला आणि तो अशा बेताने बसवला, की सर तपासायला आले तेव्हा तराजूकडे दोनदा बघून काहीच बोलले नाहीत. आमच्याकडे त्याला पेढे वाटण्याइतकं कौतुक समजतात. बाबालालनी खरंच वाटले.

*

शर्यत सहा तासांची होती, सकाळी दहा ते दुपारी चार. चौदा गाड्या. आमची गाडी माझा नवरा रणधीर आणि त्याचा आत्येभाऊ विक्रांत आळीपाळीने चालवणार होते.

साडेआठला पंच्याहत्तर डिग्रीचं पाणी पोत्यात गुंडाळलेल्या दुधाच्या कॅनमधून पळत आलं. एक्काहत्तर भरलं. बाबालालनी माझ्याकडे पाहून भुवई उडवली, मी लॅपटॉपवर पाहून मान हलवली, आणि रणधीरने बटण दाबलं. गाडी जी गरजली ती गरजली. पलीकडच्या गॅरेजमधली पोरं कामं टाकून बघायला आली.

मग ती बंद केली आणि आत्यांनी पूजा मांडली.

त्याशिवाय आमच्याकडे चाक हलत नाही. नवा लेथ असो, नवी रिक्षा असो किंवा आकाशातून पडलेली ही गाडी. आत्यांनी हळदकुंकू वाहिलं, चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि कोल्हापूरहून ओल्या फडक्यात गुंडाळून आणलेला झेंडूचा हार गाडीच्या नाकावर घातला. हार कसला, दोरखंडच. जाड दोऱ्यात करकचून गुंफलेला, नाकाच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारा.

"काकू, सुरेख झाली पूजा," सर म्हणाले. नारळाचा तुकडा त्यांनी डोक्याला लावून खाल्ला. "पण गाडी बाहेर काढायच्या आधी हे सगळं निघालं पाहिजे. आमच्या चेकलिस्टमध्ये फुलांचा रकाना नाही."

तेवढ्यात लाउडस्पीकरवरून पुकारा झाला. पाच मिनिटांत गाड्या बाहेर. एकच धांदल उडाली. आत्या हातातलं खोबऱ्याचं ताट घेऊन पलीकडच्या टीमच्या पोरांना प्रसाद वाटत होत्या. बाबालाल लिंबं गोळा करत होते. मामा ओरडले, "हार काढा गं कुणीतरी!"

सगळ्यांत जवळ मी होते. कडेवर रेवा, आणि रेवाला तो हार हवा होता, आत्ताच्या आत्ता. मी उजव्या हाताने हार ओढला. तो कुठंतरी अडकला, मी हिसका दिला, आला. त्याच क्षणी पाहिलं तर रेवाच्या तोंडात मूठभर पाकळ्या. मी बोट घालून त्या काढल्या, हार तिच्या दुपट्यांच्या पिशवीत कोंबला, तिला आत्यांकडे दिलं आणि लॅपटॉप घेऊन पिटच्या कट्ट्याकडे धावले.

*

पहिले दोन तास मजेत गेले. अकराव्या नंबरावरून सुटलो होतो, आठव्यावर आलो. मामा एका स्टुलावर डोळे मिटून बसले होते. गाडी समोरून गेली की नुसती मान हलवायचे.

"मामा, इथे पडद्यावर सगळं दिसतंय की," मी म्हणाले.

"तू बघ. मी ऐकतो."

मागच्या खोलीत आत्या रेवाला घेऊन बसल्या होत्या. रेवाच्या कानांवर जाड कानझाकणं, त्यांच्या हातात क्रोशाची सुई आणि रेवाच्या टोपीचं विणकाम. कोइमतूरच्या त्या उकाड्यात टोपी कशाला, असं कुणी विचारायची सोय नव्हती. दर तासाला मी आत जाऊन रेवाला पाजून यायची. आत्या घड्याळ बघून म्हणायच्या, "जा आता तू. तिकडं तुजं पोरगं पळालंय." गाडीला त्या पोरगंच म्हणायच्या.

साधारण पावणेएकला पडद्यावरचा एक आकडा पिवळा झाला. पाण्याचं तापमान. मी रणधीरला रेडिओवर सांगितलं, सरळ पट्ट्यावर जरा हवा खाऊ दे. दोन फेऱ्यांनी आकडा आणखी चढला. मग लाल.

सर माझ्या मागे येऊन उभेच होते.

"आत बोलाव," ते म्हणाले.

"सर, एक मिनिट."

"वृषाली, ते इंजिन फुटलं तर काचेत ठेवायच्याही लायकीचं राहणार नाही. आत बोलाव आणि बंद कर. कुणी तुला दोष देणार नाही." ते अगदी मऊ आवाजात म्हणाले. "मी आधीच सांगितलं होतं. असल्या गाड्यांचं इंजिन काही हजार किलोमीटरनंतर उघडून परत बांधावं लागतं. ते तुमच्याकडे कसं होणार?"

मामांनी डोळे उघडले. "इंजिन ठीक हाय," ते म्हणाले. "आवाजात काय न्हाई."

"आवाजावरून सांगता?"

"मग कशावरनं सांगू, सायेब? ते बोलतंय आवाजातनंच."

दोघंही माझ्याकडे बघू लागले. एकजण आकड्यांचा, एकजण कानांचा, आणि मी मधे. मी रणधीरला हळू चालवत आत यायला सांगितलं. तो येईपर्यंत दीड मिनिट होतं. ते दीड मिनिट मी आकडे उलटसुलट करून बघितले, जसं सरांनीच शिकवलं होतं. आणि मग दिसलं.

"सर, हे बघा. दोन बाजूंना दोन रेडिएटर. दोन्हींत आत जाणारं पाणी सारखंच गरम आहे. डावीकडून बाहेर येताना ते थंड होऊन येतंय. उजवीकडून जसं गेलं तसंच येतंय. इंजिन खराब असतं तर दोन्हीकडे बिघडलं असतं. नाकाच्या उजव्या तोंडातून हवाच आत जात नाहीये. काहीतरी अडकलंय."

सर वाकून बघत राहिले. "काय अडकणार?" ते पुटपुटले.

आणि मी गॅरेजकडे वळून पाहिलं. समोरच्या खुंटीवर रेवाची पिशवी लटकत होती. तिच्यातून सुटून हार बाहेर लोंबत होता. सकाळी नाकाच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारा हार. आता हातभर.

गाडी आली. आमच्या पोरांनी ती ढकलत गॅरेजमध्ये आणली. बाबालाल गुडघे टेकून उजव्या तोंडाशी वाकले आणि दोन बोटांनी काहीतरी उचलून त्यांनी उजेडात धरलं. झेंडूची एक पाकळी, कडेने करपलेली.

सरांनी ती हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली.

"हार कुणी काढला होता?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. पण माझ्या आधी मागच्या दारातून आवाज आला.

"मी."

आत्या उभ्या होत्या. खांद्यावर रेवा, हातात ती अर्धवट टोपी. सुई चालूच होती.

"म्हातारी बाई मी. ओढला, निम्मा आला. मला वाटलं आला सगळा."

विक्रांत फस्सकन हसला. मग बाबालाल. मग सगळेच. सरांनी कपाळाला हात लावला, पण त्यांच्याही मिशीत हसू होतं. "काकू, काकू," ते म्हणाले, "तुम्हाला काय बोलणार!" मग गंभीर झाले. "पण खराडे, हे बाहेर काढायला उजवा पूर्ण पत्रा उतरवावा लागेल. कंपनीच्या हत्याराने सुद्धा पंचवीस मिनिटं. तुमच्याकडे ते हत्यार नाही. म्हणजे चाळीस. ऐंशी टक्के होत नाहीत मग."

मी मनात फेऱ्या मोजल्या. त्यांचं बरोबर होतं. दहा मिनिटं परवडली असती. चाळीस नाही.

बाबालालनी गाडीच्या त्या तोंडात हात घालून पाहिला. चार बोटं जेमतेम गेली, पुढे वळण होतं. "वाऱ्यानं हळूहळू आत सरकून बसलाय. दोरा लागतोय टोकाला," ते म्हणाले, "पण धरायला गावना."

"दोरा लागतोय?" आत्यांनी विचारलं.

"व्हय वहिनी. जाड दोरा."

आत्यांनी रेवा माझ्या हातात दिली. सुईवरचा टाका सोडवून त्यांनी टोपी पदराला खोचली आणि मोकळी सुई बाबालालपुढे धरली. "ही कशाला तरी बांध. लांब कर."

बाबालालनी एक क्षण बघितलं आणि वेल्डिंगची एक कांडी घेऊन सुई तिला तारेने करकचून आवळली. वीस सेकंद लागले नसतील. ते ती गाडीच्या तोंडात घालणार, तोच आत्या म्हणाल्या, "तुला न्हाई जमायचं. हिकडं आण."

"काकू, आत भयंकर गरम आहे," सर म्हणाले.

"तव्यावरची भाकरी काय थंड असती व्हय?"

त्या खाली बसल्या, पदर खोचून, डावा हात गाडीच्या नाकावर टेकवून. आणि डोळे मिटले. मामांसारखेच. टोपी विणताना तरी त्या सुईकडे कुठे बघायच्या? कांडी आत गेली, वळली, थांबली, जरा मागे आली. पुन्हा आत. बाहेर गाड्या गरजत होत्या, आत आमच्या गाडीच्या तापलेल्या पत्र्याचा टिकटिक आवाज. रेवा माझ्या खांद्यावरून आजीकडे टक लावून बघत होती.

"गावला," आत्या म्हणाल्या.

त्यांनी ओढायला सुरुवात केली. सावकाश, एकसारखं. आधी दोऱ्याचं टोक आलं. मग एक फूल, चिरडलेलं. मग दुसरं, मग तिसरं, आणि मग त्या काळ्याभोर गाडीच्या पोटातून झेंडूच झेंडू, पिवळा, केशरी, करपलेला, थांबेचना. पलीकडच्या गॅरेजमधल्या पोरांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. शेवटचं फूल बाहेर आलं तेव्हा मार्शलसुद्धा टाळ्या वाजवत होता. तोच मार्शल, नो फायरवाला.

बाबालालनी मागच्या बाजूने हवेची नळी लावून उरलेल्या पाकळ्या बाहेर उडवल्या. गॅरेजभर पालखीवर उधळल्यासारखी फुलं. रणधीर आत तसाच पट्ट्यांत बांधून बसला होता, त्याच्या मांडीवरही दोन पाकळ्या.

"साडेसहा मिनिटं," सर घड्याळ बघून म्हणाले. ते घड्याळ कधी चालू केलं होतं त्यांनी, कुणाला कळलंही नव्हतं.

"जाऊ दे की आता," मामा म्हणाले.

*

गाडी नववी आली. पहिल्या गाडीच्या दोनशे चार फेऱ्या झाल्या, आमच्या एकशे एक्काहत्तर. चार वाजता झेंडा हलला आणि ती समोरून गेली तेव्हा मामा स्टुलावरून उठले सुद्धा नाहीत. नुसती मान हलवली. मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

मी मागच्या खोलीत रेवाला पाजत होते. बाहेर बाबालाल आणि पोरं नाचत होती; डबा बडवल्याचा आवाज येत होता. आत्या माझ्याजवळ बसून सुईला वेल्डिंगच्या कांडीपासून सोडवत होत्या.

"आत्या, हार मी काढला होता," मी म्हणाले.

"ठावं हाय मला."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी प्रसाद वाटत होते, आंधळी न्हवते." त्यांनी सुई पदराला पुसली. "पाकळ्या काढत हुतीस पोरीच्या तोंडातनं. म्या बी तेच केलं असतं."

"मग असं का सांगितलंत?"

त्यांनी टोपीत पुन्हा सुई घातली, दोन टाके घेतले. मग म्हणाल्या, "माझी चूक झाली तर लोक हसत्यात. म्हातारी हाय म्हणत्यात, सोडून देत्यात. तुझी झाली असती तर कोण हसलं नसतं. तो सायेब भला माणूस हाय. तो म्हणाला असता, बाळ लहान हाय हिचं. आणि पुण्याला न्हेऊन बसवलं असतं. गाडीला बी, तुला बी."

रेवा पिता पिता झोपली होती. मी तिच्या ओठाच्या कडेचं दूध पुसलं. तिच्या नखात अजून झेंडूचा केशरी रंग होता.

"आता गप ऱ्हा," आत्या म्हणाल्या. "झालं गेलं. गाडी आपली झाली."

पण गाडी अजून झाली नव्हती. सरांची सही बाकी होती. आणि सहीच्या आधी एक कागद भरायचा होता, जो सरांच्या टीममध्ये प्रत्येक शर्यतीनंतर भरला जायचा. काय बिघडलं. कशामुळे. कुणाच्या हातून. कुणी शोधलं. कसं सुधारलं. सरांकडे चुकीला शिक्षा नव्हती. रिकाम्या रकान्याला होती, आणि खोट्या रकान्याला तर फारच. हे मी तीन वर्षं पाहिलं होतं. तो कागद मी भरायचा होता, कारण आता आमच्या टीमची इंजिनिअर मी होते.

सर पॅक केलेल्या टायरांवर बसून वाट बघत होते. मी रेवाला आत्यांच्या मांडीवर ठेवलं, बाहेर गेले आणि उभ्यानेच कागद भरला. अक्षर वाईट आलं. गाडी परत जाईल, असं मला खरंच वाटत होतं. मामांचा चष्मा पुसणारा हात डोळ्यांसमोर होता. तरी लिहिलं.

*उजव्या बाजूची हवा बंद. कारण: झेंडूचा हार. हार अर्धवट काढला: वृषाली खराडे. बिघाड शोधला: वृषाली खराडे. हार बाहेर काढला: अक्काताई खराडे, क्रोशाची सुई.*

सरांनी वाचलं. वर पाहिलं. माझ्याकडे, मग मागच्या दाराकडे, जिथे आत्या झोपलेल्या रेवाला मांडीवर घेऊन टोपी विणत होत्या, आणि आमच्याकडे बघत नसल्याचं सोंग फार वाईट करत होत्या.

"काकू तर म्हणाल्या, त्यांनी काढला."

"हो, सर."

"हं." त्यांनी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला. डबा बडवणं थांबलं होतं. मामा दूर उभे होते, हातात बंबाची तोटी.

"रकाना अर्धवट आहे," सर म्हणाले.

मी कागदावर वाकले. "काय राहिलं, सर?"

"सुईचा नंबर."

मी मागे वळून ओरडले, "आत्या, सुई कितीची?"

"सव्वा मिलिमीटर!" आत्यांनी तिथूनच उत्तर दिलं, इतक्या लगेच, की बाबालालना हसू आवरेना.

सरांनी ते स्वतःच्या हाताने लिहिलं. मग त्यांनी आपल्या पिशवीतून दुसरा कागद काढला. कंपनीची शर्यतीआधीची चेकलिस्ट, एकशे अठरा ओळींची, जी मी कधीकाळी तोंडपाठ म्हणायची. तिच्या तळाशी त्यांनी पट्टी ठेवून एक रेघ आखली आणि त्यांच्या त्या छापल्यासारख्या अक्षरात एकशे एकोणिसावी ओळ लिहिली. मराठीत. कागद माझ्या हातात दिला, आणि मग अटींच्या कागदावर सही केली.

"पुढच्या शर्यतीला हाच वापरा," ते म्हणाले. "आणि खराडे, तो बंब. मला मिळेल कुठे तसला? आमच्या घरचा गिझर कायम बिघडलेला असतो."

*

गाडी अजून पळते. रेवा आता शाळेत जाते आणि गाडीचं सगळं मला शिकवते. टोपी तिच्या धाकट्या भावाला झाली. तोही आता माझ्या कडेवरून हाराकडे हात पसरतो. बंबाला मामांनी चाकं लावली आहेत, आणि तो प्रत्येक ट्रॅकवर कँटीनच्या मागे, शंभर पावलांवरच पेटतो.

ती चेकलिस्ट आम्ही जशीच्या तशी छापून घेतली. एकशे अठरा ओळींसमोर माझी सही असते. शेवटच्या ओळीसमोर नाही. तिथे आत्या येतात. आधी पिशवीतला हार मोजून बघतात, मग गाडीच्या दोन्ही तोंडांत डोकावतात, मग माझ्याकडे एकदा बघतात, आणि 'हार पूर्ण काढला का?' याच्यासमोर, पेन घट्ट धरून, सावकाश लिहितात: व्हय. अक्काताई.